ओसरीवरचं पान

सोमवारची सकाळ होती आणि सुभद्रा निवासातले पाहुणे घावण्यांची वाट बघत बसले होते. वाढायचं काम संचिताचं. पण ती मागच्या परसात माडाला टेकून, कानात इयरफोन घालून बसली होती. तोंडवलीतल्या त्यांच्या घरी फोनवर बोलता यायचं, पण नेट चालायचं ते त्या एका माडाखालीच.

"गो संचिता! खंय मेलंस?" स्वयंपाकघरातून आईची हाक आली.

"इलंय गो आये! वायच थांब!"

तिकडे अमेरिकेत रविवारची संध्याकाळ होती. मेरिडियन नावाच्या संगीत पुरस्कारांचा सोहळा चालू होता आणि पहिल्यांदाच सेब्योकला मोठ्या पुरस्कारासाठी, वर्षातल्या सर्वोत्कृष्ट गाण्यासाठी, नामांकन मिळालं होतं. सेब्योक म्हणजे कोरियन भाषेत पहाट. पाच मुलांचा तो गट संचिताला कॉलेजात असताना तिच्या मैत्रिणीने, दीपिकाने, ऐकवला होता. तेव्हापासून दोघी मिळून 'पहाट मराठी' नावाचं पान चालवत. संचिता लिहायची, दीपिका त्याचं इंग्रजी करायची आणि गाण्यांना मराठी सबटायटल द्यायची. महाराष्ट्रातले चाहते तर ते पान वाचतच, पण दीपिकाच्या इंग्रजीमुळे मनिलापासून मेक्सिकोपर्यंतचे लोकही वाचत. पानामागे कोण आहे हे मात्र कोणाला ठाऊक नव्हतं. संचिताने स्वतःचं नाव, गाव, चेहरा कधीच दाखवला नव्हता. तोंडवलीची, खानावळवाल्या गंगारामाची मुलगी एवढं कोरियाचं काय ते सांगते म्हटल्यावर लोक हसतील, असं तिला वाटायचं.

सेब्योकचं नाच-गाणं झालं. अख्खं सभागृह उभं राहिलं. मग निवेदक त्यांच्या टेबलाशी गेला. त्याला गटाचं नाव नीट घेता आलं नाही, तीनदा अडखळला, आणि मग म्हणाला, "यातला कोण कोणता ते माझी मुलगी सांगते. मला विचाराल तर सगळे सारखेच दिसतात!"

सभागृह हसलं. गटाचा प्रमुख उन-सोक क्षणभर थांबला आणि तोही हसला. उठून वाकला आणि पुन्हा हसला.

संचिताने इयरफोन काढून हातात धरला. 

गाण्याचा पुरस्कार दुसऱ्या कोणालातरी गेला. सेब्योकला पुरस्कार मिळाला होता, नाही असं नाही. 'आशियाई पॉप' नावाचा, चाहत्यांच्या मतांवर ठरणारा वेगळा विभाग यंदाच काढला होता. तो प्रक्षेपण सुरू व्हायच्या आधी, बाजूच्या एका दालनात, अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांसमोर देऊन झाला होता. पुढचा सगळा वेळ मात्र प्रत्येक जाहिरातीच्या आधी कॅमेरा त्यांच्याच तोंडांवर जात होता, पुढे काहीतरी होणार आहे असं सांगत.

संचिताने घावणे वाढले, ताटं उचलली आणि दुपारी माडाखाली बसून एका दमात लिहून काढलं:

'आमच्याकडे जुन्या काळी काही पाहुण्यांना पंगतीचं आमंत्रण असायचं, पण पान मात्र ओसरीवर मांडलं जायचं. जेवण तेच, वाढणारे तेच, फक्त आत यायचं नाही. आज सेब्योकचं पान ओसरीवर होतं. त्यांच्या नावावर जगाला टीव्हीसमोर बसवलं आणि बक्षीस दिलं ते दार लावून. सिनेमाचंही असंच. पूर्वेकडचा सिनेमा जिंकतो तेव्हा टाळ्या दिग्दर्शकाला मिळतात, पण ज्यांचे चेहरे बघून आपण रडलो ते नट कित्येकदा नामांकनातही नसतात. जणू सिनेमा आपोआप चालत आला. आणि आपण चाहते काय करतो? महिनाभर चार-चार फोनवरून मतं देत बसतो, त्या ओसरीवरच्या पानासाठी. पण मला सगळ्यात जास्त लागलं ते उन-सोकचं हसणं. त्याने हसायला नको होतं. तो हसला म्हणून सगळ्या सभागृहाला हसायची परवानगी मिळाली.'

तिने ते दीपिकाला पाठवलं. दीपिका फोंडाघाटला बाजारात वडिलांच्या काजूच्या दुकानात बसायची. एरवी तिचं उत्तर लगेच यायचं, सोबत दहा इमोजी. आज ते बऱ्याच उशिराने आलं, नुसतंच इंग्रजी. खाली एक शब्द नाही. संचिताने दोन्ही मजकूर पानावर टाकले आणि कपडे वाळत घालायला गेली.

परत येऊन बघते तर फोन हातात धरवत नव्हता, इतका थरथरत होता.

पहिले काही लोक 'अगदी मनातलं बोललीस' म्हणाले होते. त्याखाली मात्र दगडफेक चालू होती. उन-सोकबद्दल असं बोलणारी ही कोण? ही चाहती नाहीच, ही जळते. अपमान त्याचा झाला आणि ही त्यालाच बोलते. पान बंद करा. माफी माग. माफी माग. माफी माग. कोणीतरी फक्त तेवढेच दोन शब्द पुन्हा पुन्हा लिहीत होतं, वेगवेगळ्या भाषांत.

संचिताला राग आला, थोडी भीतीही वाटली. पण ती मनात म्हणाली, बोलू देत. माझं नाव कुठे कोणाला माहीत आहे?

मंगळवारी सकाळी गंगारामाचा फोन वाजायला लागला.

गंगाराम बरीच वर्षं बोटीवर खलाशी होता. आता घराच्या चार खोल्या पाहुण्यांना द्यायचा. फोनवर पाहुण्यांशी बोलताना त्याची भाषा बदलायची. "नमस्कार, सुभद्रा निवास. बोला, गंगाराम बोलतो… काय? कोणी माफी मागायची?… अहो, तुम्ही कोण बोलताय?" त्याने फोन कानापासून लांब धरून पाहिला. लगेच दुसरा आला. मग तिसरा. तिसऱ्यात कोणीतरी काहीच बोललं नाही, फक्त एक शिवी दिली.

"संचिता, हय ये," तो शांतपणे म्हणाला. एरवी तो ओरडायचा. म्हणून संचिता हातातलं काम टाकून धावत आली. "हे कोण लोक? तुझा नाव घेतत. तू कोणाक काय बोललंस?"

तिने सगळं सांगितलं. पान, सेब्योक, पुरस्कार, सगळं. तिची आई सुभद्रा पदराला हात पुसत दारात उभी राहून ऐकत होती. तिला त्यातलं निम्मं कळलं नाही. पण कोणीतरी आपल्या मुलीला शिव्या देतंय, एवढं कळलं.

"दाखव काय लिवलंस ता," गंगाराम म्हणाला.

त्याने चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवत, सावकाश वाचलं. वाचून झाल्यावर चष्मा काढून ठेवला.

"बोटीर सायब लोक आमका नाताळाक वर बोलवायचे," तो म्हणाला. "टोप्यो घालायचे, कप्तानावांगडा फोटो काढायचे. आणि जेवाण खालीच. आमीय हसायचव." त्याने फोन तिच्या हातात दिला. "लिवलंस ता खरा आसा. पण माका एक सांग. आपलो नंबर तेंका कोणी दिल्यान?"

संचिता फोन घेऊन माडाखाली गेली. तिने फोनवर सुभद्रा निवासाचं पान उघडलं. चांगल्या अभिप्रायांवर कालपासून वाईटांचा ढीग पडला होता. जेवणातून विषबाधा झाली. अंथरुणात ढेकूण. मालकीण घाणेरडी. लिहिणाऱ्यांतलं एकही माणूस कधी तोंडवलीला आलेलं नव्हतं. एकाने तर पान कोणाचं ते उघड करणारं चित्रच लावलं होतं: 'पहाट मराठी म्हणजे संचिता, तोंडवली, तालुका मालवण. हे तिचं घर.' खाली गंगारामाचा नंबर.

तिचं नाव आणि ते पान या दोन गोष्टी एकत्र माहीत असलेलं माणूस जगात एकच होतं.

तिने दीपिकाला लिहिलं: 'माझं नाव बाहेर कसं गेलं?' निरोप पोचला. वाचला गेला. उत्तर नाही. फोन केला, तो वाजत राहिला.

दुपारी पुण्याच्या ग्रुपने शनिवारचं बुकिंग रद्द केलं. त्यांनी कारण सांगितलं नाही, विचारायची गरजही नव्हती. सुभद्रा फक्त म्हणाली, "माझ्या नावार लोक थुंकले गो." आणि पाट्यावर वाटण वाटायला बसली. पाट्याचा आवाज एरवीपेक्षा मोठा होता.

संध्याकाळी गंगारामाने एक फोन जरा भीतभीतच घेतला आणि त्याचा चेहरा सैल झाला. कोल्हापूरहून एक मुलगी एकटीच येणार होती. उद्या सकाळी. एक रात्र राहीन म्हणाली. एकटी कशी काय, असं संचिता विचारणार होती. पण बापाचा चेहरा बघून तिने खोली झाडायला घेतली.

ती मुलगी बुधवारी मालवणहून रिक्षाने आली. एकोणीस-वीस वर्षांची, अंगाने बारीक, केस आखूड कापलेले. कोल्हापूरच्या मुली बोलतात तशी 'आलो, गेलो' करत बोलायची. "मी भक्ती. बसनं घाट उतरून आलो, लई वळणं हो काकू, अजून डोकं फिरतंय."

सुभद्राने तिला लिंबाचं सरबत दिलं. संचिता तिची पिशवी खोलीत ठेवायला उचलायला गेली आणि तिचा हात तसाच थांबला. पिशवीच्या चेनला एक केशरी बिल्ला लटकत होता. अर्धा उगवलेला सूर्य. सेब्योकचा.

तसाच एक संचिताच्या कपाटात होता.

"राहू दे, मी नेतो," भक्ती म्हणाली आणि पिशवी तिच्या हातातून काढून घेतली. दोघींची नजर एकदाच भेटली. संचिताला वाटलं, हिला माहीत आहे. मला माहीत आहे हेही हिला माहीत आहे.

ती स्वयंपाकघरात जाऊन कुळथाची पिठी ढवळत उभी राहिली. बापाला सांगावं? तो तिला तिथल्या तिथे बाहेर काढेल, आणि ही बाहेर जाऊन काय लिहील कोण जाणे. आणि समजा ही नुसतीच चाहती असेल तर? समुद्र बघायला आलेली? लोक येतातच की. तिने दीपिकाला पुन्हा निरोप टाकला: 'केशरी बिल्लेवाली एक मुलगी घरी आली आहे. कोल्हापूरची भक्ती. तू ओळखतेस?' आत नेट नव्हतं. निरोप अडकून बसला.

जेवताना भक्ती मोजकंच बोलली. माशाचे काटे काढायला तिला जमत नव्हतं. सुभद्राने शेजारी बसून दाखवलं, "असो मधी दाब, मगे काटो आपणच येता." भक्तीने मान हलवली. मग इकडेतिकडे बघत तिने विचारलं, "काकू, नेट कुठं चालतंय इथं?"

"मागे माडाखाली जा. थंय सगळ्यांचा चलता."

संचिताच्या हातातून पळी निसटून ताटात पडली.

जेवणं झाली, खरकटं काढलं. गंगाराम आचऱ्याला सिलिंडर आणायला गेला. सुभद्रा मागच्या दाराशी, मोरीजवळ पाटावर बसून संध्याकाळसाठी बांगडे साफ करू लागली. ती रोजच तिथे बसायची, माडापासून चार हातांवर. संचिता आत भांडी लावत होती. एकीकडे कान बाहेर होते.

आधी नुसतं पुटपुटणं ऐकू आलं. मग भक्तीचा आवाज चढला. आल्यापासून बोलत होती तसा तो गावरान आणि मऊ नव्हता. घोटून घेतलेली इंग्रजी, मधूनच हिंदी.

"…हो, तिच्याच घरातून. मी सांगितलं होतं ना, मी जाईन म्हणून. हे मागचं अंगण. आणि ही तिची आई…"

संचिता मागच्या दारात आली. भक्ती माडाखाली उभी होती, फोन हात लांब करून धरलेला. कॅमेरा सुभद्राकडे होता. सुभद्रा खाली मान घालून बांगड्याचं पोट फाडत होती. हाताला रक्त, खवले, पायाशी मांजर. तिला काही पत्ता नव्हता. कोणीतरी फोनवर बोलतंय, रोजच बोलतात, एवढंच.

 संचिता सरळ चालत गेली आणि आई आणि कॅमेरा यांच्या मधे उभी राहिली.

"बंद कर."

"ही बघा, आली," भक्ती फोनला म्हणाली.  मग मराठीत, संचिताला: "माफी माग. हितं, सगळ्यांसमोर. मग बंद करतो. बारा हजार लोक बघायलेत."

"मला नको सांगू. तू बघ ते काय म्हणतात."

"त्यांना माफी पाहिजे."

"वाच मग. मोठ्यानं वाच."

भक्तीने मघापासून पडद्याकडे नीट बघितलंच नव्हतं. तिचं लक्ष दाराकडे होतं, संचिता कधी येते याकडे. आता तिने पाहिलं. ओळी भराभर वर सरकत होत्या. जरा वेळ तिचे ओठ नुसतेच हलले. मग ती मोठ्याने वाचू लागली, जणू आपण बरोबर आहोत हे दाखवायला. इंग्रजी वाचायची आणि नकळत मराठी करून सांगायची.

"'माफी माग'… 'खोटी चाहती'… 'हे घर आहे?'… 'वास इथपर्यंत येतोय'…" ती थांबली.

"वाच पुढे."

"'हिची आई बघा, ईऽऽ'… 'आपल्या मुलांचे चाहते असे? लाज वाटते'… 'यांच्यामुळेच पुरस्कारवाले आपल्याला…'" भक्तीचा आवाज खाली आला. "'यांच्यामुळेच पुरस्कारवाले आपल्याला किंमत देत नाहीत. भारतातले चाहते नकोतच. व्हिडिओ काढणारीपण तसलीच दिसते. सगळ्या सारख्याच.'"

 पडदा वर सरकतच होता. कोणीतरी हसणारी तोंडं पाठवत होतं, रांगेने.

सुभद्राने मान वर केली. "काय म्हणतत गो ते?"

संचिता आईसमोरून हलली नाही.

संचिताने हात पुढे केला. भक्तीने फोन दिला नाही, पण मागेही घेतला नाही. फक्त पुढचा कॅमेरा चालू करून पडदा संचिताकडे वळवला. आता तिला स्वतःचा चेहरा पडद्यावर दिसत होता. कपाळावर घाम, खांद्यावर भांडी पुसायचं फडकं. इतकी वर्षं लपवलेला चेहरा. पळून जावंसं वाटलं. पण मागे आई होती.

"माझं नाव संचिता," ती म्हणाली. इंग्रजी सुचेना, म्हणून मराठीतच बोलली. "पहाट मराठी मी चालवते. ही माझी आई. तिचे हात ज्या माशाला लागलेत तो मासा तुम्ही आलात तर तुम्हालाही वाढू. मी उन-सोकची माफी मागणार नाही, कारण मी त्याचा अपमान केला नाही. तो हसला तेव्हा मला राग आला, कारण मी तशीच हसते. इथे येणारे पाहुणे माझ्या बोलण्याची नक्कल करतात, तेव्हा मी हसते. रोज. तसं हसल्यावर काय वाटतं ते मला माहीत आहे. त्याला ते वाटलं नसेल तर बरंच आहे." ती थांबली. फडक्याने कपाळ पुसलं. "बाकी तुम्ही आत्ता माझ्या आईला जे बोललात, ते त्या निवेदकापेक्षा वेगळं काय आहे, ते तुमचं तुम्ही ठरवा."

भक्तीने प्रक्षेपण बंद केलं. बोट दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बंद झालं.

वारा नव्हता. समुद्राचा आवाज मात्र येत होता. भक्ती माडाच्या बुंध्याशी खाली बसली.

"मी माफीबिफी मागणार नाही," ती म्हणाली. "तू उन-सोकला बोललीस ते मला अजून पटलेलं नाही."

"मी मागितली काय?"

"पण काकूंचं… ते…" 

सुभद्रा उठली. हात धुतले. "माका कोण सांगात काय?" संचिताने सगळं सांगितलं, घाणेरडं तेवढं गाळून. सुभद्राने ऐकून घेतलं. मग भक्तीसमोर येऊन उभी राहिली.

"माका इचारल्याशिवाय माझो फोटो काढलंस? तुझ्या आवशीचो असो कोणी काढलो असतो तर चलला असता काय?"

भक्तीने मान खाली घातली.

"रडू नको. माका रडणारी माणसां आवडत नाय. पावणी आसंस म्हणान रातीचा जेवाण देतलंय. पण माझ्याशी बोलू नको." आणि ती बांगड्यांची परात उचलून आत गेली.

संध्याकाळपर्यंत भक्ती तिथेच बसून होती. व्हिडिओ तिने काढून टाकला, पण तो तोवर दुसऱ्यांनी उचलून ठिकठिकाणी लावला होता. तिच्या स्वतःच्या पानावर, कोल्हापूरच्या चाहत्यांच्या पानावर, आता तिलाच शिव्या पडत होत्या. बंद का केलंस म्हणून. संचिता वाळलेले कपडे काढायला आली तेव्हा भक्ती न विचारताच म्हणाली, "तुझं नाव मला दीपिकानं दिलं."

संचिता दोरीवरचे चिमटे काढत राहिली. "कसं?"

"मी तिच्या दुकानात जातो कधी कधी. काजू घ्यायला. तीपण सेब्योकवाली, तिकडचे सगळे चाहते तिला माहीत. सोमवारी मी रागानं तिला फोन केला, हे पान कुणाचं म्हणून. ती रडत होती. म्हणाली, मला विचारू नको. मग दहा मिनिटांनी तिनंच पाठवलं. नाव, गाव, सगळं. नंबर मी सुभद्रा निवासच्या पानावरून घेतला." जरा थांबून ती म्हणाली, "ती काय बोलली ते सांगू? म्हणाली, संचिता लई वर बसून बोलते, तिला तिच्या गावातच राहू दे."

रात्री गंगारामाला सगळं कळलं.  सकाळी रिक्षावाल्या बाबलीला त्यानेच सांगितलं, "दोगींकय स्टँडार सोड." संचिता फोंडाघाटला कशाला जाते ते त्याने विचारलंही नाही.

मालवणहून कोल्हापूरची गाडी मिळाली. दोघी शेजारी बसल्या, कारण दुसरी जागा नव्हती.  कणकवली गेल्यावर भक्तीने बिल्ला पिशवीवरून काढला, हातात फिरवत राहिली आणि पुन्हा लावला. "मी सोडणार नाही त्यांना," ती म्हणाली.

"मीपण नाय," संचिता म्हणाली.

फोंडाघाटला संचिता उतरली. गाडी घाटाकडे निघून गेली.

दीपिका दुकानात एकटीच होती, काजूची पाकिटं लावत. संचिताला बघून तिचे हात थांबले. डोळे सुजले होते. गेल्या तीन दिवसांत ती नीट झोपली नसावी.

"कित्याक?" संचिताने विचारलं. बसमध्ये तिने काय काय जुळवून ठेवलं होतं. त्यातून उरलं ते एवढंच 'का'.

दीपिकाने हातातलं पाकीट खाली ठेवलं. मग एकदम बोलायला लागली, दबक्या आवाजात, बाहेर गिऱ्हाईक असल्यासारखी. "मी महिनाभर मतां दिली. चार फोन. माझो, बाबांचो, काकांचो, आणि एक उसनो आणलेलो. जेवताना, दुकानात, देवळात. तुका म्हायत होता. तू रोज इचारायचंस, किती झाली. आणि मगे लिवलंस, चार-चार फोनवरून मतं देत बसतो, ओसरीवरच्या पानासाठी. माका तोंडार कधी बोललंस नाय. आणि त्याचा इंग्रजी कोणी करूचा? मीच. माझ्यार हसलेला माझ्याच हातान लिवलंय."

संचिता उभीच होती. लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर 'आपण' होतो. सगळे. त्या चार फोनांना एक चेहरा आहे हे तिला सुचलंच नव्हतं. की सुचलं होतं?

"तुका माझ्याशी भांडूचा होता," ती म्हणाली. "माझ्या आवशीक कित्याक?"

"इतक्या होतला असा माका वाटला नाय." दीपिकाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने ते पुसलं नाही. "काल तो व्हिडिओ बघलंय. काकींचे हात बघलंय. मी थंय किती वेळा जेवलंय…"

बाहेर कोणीतरी कोकम सरबताचा भाव विचारला. दीपिकाने डोळे पुसून भाव सांगितला, बाटली दिली, सुटे परत केले. ते माणूस जाईपर्यंत संचिता स्टुलावर बसली. 

"मी चुकलंय," दीपिका म्हणाली.

"होय," संचिता म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "चार फोनांचा मी तोंडार सांगूक होया होता. ता माझा चुकला. बाकीचा तुझा."

दीपिकाने मान हलवली. पानाचा पासवर्ड दोघींकडे होता. संचिताने तो सकाळी बदलला होता, आणि दीपिकाला ते कळलं असणारच. तिने विचारलं नाही. संचितानेही सांगितला नाही. परतीची गाडी यायला वेळ होता. तोवर दोघी दुकानात बसून राहिल्या. दीपिकाने काजूची पाकिटं लावली, संचिता एकेक उचलून देत राहिली.

सुभद्रा निवासावरचे खोटे अभिप्राय हळूहळू निघाले, काही अजून आहेत. पुण्याचा ग्रुप आला नाही. मे महिन्यात मात्र नाशिकच्या तिघी बहिणी आल्या, पिशव्यांना केशरी बिल्ले लावून. त्यांनी सुभद्राच्या पाया पडायचा प्रयत्न केला, तेव्हा ती घाबरून चार पावलं मागे सरली. "ह्या काय आता नवीन!"

'पहाट मराठी' चालू आहे. खाली आता संचिताचं नाव असतं, गावासकट. वाचक निम्मे झाले. जूनमध्ये सेब्योकचं नवीन गाणं आलं, त्याच दिवशी फोंडाघाटहून सबटायटलांची फाइल आली. सोबत एक शब्दही नव्हता. संचिता ती माडाखाली बसून तीनदा वाचत राहिली. एका ओळीत दोन शब्द तिला चुकलेले वाटले. ते तिने दुरुस्त केले नाहीत. दीपिकाला फोन लावला आणि विचारलं, "ही तिसरी ओळ तू अशी कित्याक केलंस?"

"तू सांग, कशी करूया," पलीकडून दीपिका म्हणाली.